क्लाउडमधील शेतनोंदींना ब्लॉकचेनची मोहोर

शेतजमिनीचा उतारा, पीक पाहणी, धान खरेदीची नोंदणी, पीककर्ज, पीकविमा आणि अनुदान या सर्वांची नोंद आज संगणकावर होते. तलाठ्याच्या किंवा पटवाऱ्याच्या दप्तरातील कापडात बांधलेली वही मागे पडली असून तिची जागा दूरच्या माहिती केंद्रातील सर्व्हरने घेतली आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उपलब्ध झाला. छत्तीसगडमध्ये बी-१ आणि पी-२ हे उतारे ‘भुइयां’ या संगणकीय प्रणालीतून मिळतात. यामुळे शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र कागद मागे पडताच एक नवा प्रश्न पुढे आला. वहीत खाडाखोड केली तर ती डोळ्यांना दिसत असे. संगणकातील खाडाखोड कशी दिसणार?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे २०२५ मध्ये भिलाई परिसरात दिसून आले. दुर्ग जिल्ह्यातील मुरमुंदा, अछोटी आणि आसपासच्या गावांच्या ऑनलाइन नोंदींत फेरफार करून शेकडो एकर जमीन भलत्याच नावांवर चढविल्याचे प्रकरण त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उघडकीस आले. वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार हे क्षेत्र सुमारे ७६५ एकर होते. पटवाऱ्यांच्या आयडीचा गैरवापर करून या नोंदी केल्या गेल्याचे, तसेच त्यांतील काहींच्या आधारे बँकेचे कर्जही उचलले गेल्याचे वृत्तांत म्हटले होते. दोन पटवाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि पोलीस तपास सुरू झाला. या प्रकरणात कोण दोषी, हे ठरविणे तपास यंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. कृषी विस्ताराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यातील धडा. सर्व्हर जागेवर होता, वीज होती, माहितीही गेली नव्हती. तरीही नोंद खरी राहिली नव्हती.

छत्तीसगडमध्ये अशा एका एकराचे मोल किती, याचा हिशेब सोपा आहे. राज्य शासन २०२३-२४ च्या खरीप हंगामापासून एकरी २१ क्विंटलच्या मर्यादेत, क्विंटलला एकूण ३,१०० रुपये दराने धान खरेदी करीत आले आहे. म्हणजे नोंदीतील प्रत्येक एकरामागे एका हंगामात ६५,१०० रुपयांपर्यंतच्या विक्रीचा हक्क उभा राहतो. नोंदीतून एक एकर नाहीसा झाला तर खऱ्या शेतकऱ्याचे धान केंद्रावर पोहोचूनही खरेदीविना राहू शकते. नोंदीत एक एकर खोटा वाढला तर शासनाचे आणि बँकेचे नुकसान होते. म्हणूनच माहितीची सुरक्षा हा विषय आता संगणक विभागापुरता राहिलेला नाही. तो बांधावर येऊन पोहोचला आहे.

क्लाउड म्हणजे काय आणि जबाबदारी कोणाची?

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणारी, दुसऱ्याच्या माहिती केंद्रातील साठवण आणि संगणनशक्ती. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने शासकीय क्लाउडचा उपक्रम हाती घेतला असून अनेक शासकीय सेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अर्थात एनआयसीच्या माहिती केंद्रांतून चालतात. शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि दूध संघ हेदेखील आपले हिशेब खासगी क्लाउड सेवांवर ठेवू लागले आहेत.

वखार महामंडळाच्या गोदामात धान्य ठेवण्याशी याची तुलना करता येईल. गोदामाच्या भिंती, छप्पर, पहारा आणि कीडनियंत्रण ही गोदामवाल्याची जबाबदारी असते. पोत्यात कोणता माल भरला, पावती कोणाच्या हाती दिली आणि ती जपून ठेवली की नाही, ही जबाबदारी ठेवीदाराची. क्लाउडमध्येही जबाबदारी अशीच वाटलेली असते. यंत्रसामग्री व इमारत पुरवठादार सांभाळतो. पासवर्ड, परवानग्या आणि माहितीचा खरेपणा वापरकर्त्याने सांभाळायचा असतो. बहुतेक दुर्घटना या दुसऱ्या भागातील ढिलाईमुळे घडतात.

धोक्याचे तीन प्रकार

पहिला धोका माहिती गमावण्याचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर, म्हणजे एम्सवर, सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली. रुग्णनोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. या धोक्यावरील उपाय म्हणजे वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या सुरक्षित प्रती.

दुसरा धोका माहिती फुटण्याचा. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक भलत्याच्या हाती पडले की फसवणुकीला वाव मिळतो. यावरील उपाय म्हणजे माहितीचे कूटलेखन आणि परवानग्यांवर कडक नियंत्रण.

तिसरा धोका माहिती गुपचूप बदलली जाण्याचा. यात काहीच बंद पडत नाही, कोणी खंडणी मागत नाही, सूचनाही येत नाही. एका रकान्यातील नाव किंवा क्षेत्र तेवढे बदललेले असते. बदल उशिरा लक्षात आला तर सुरक्षित प्रतींतही तीच चुकीची नोंद उतरलेली असते. शेतकऱ्यासाठी तिन्हींपैकी हा धोका सर्वांत घातक आहे, कारण त्याची जाणीव बहुधा कर्ज मागताना, वारसनोंद करताना किंवा धान विकताना होते. ब्लॉकचेनचा खरा उपयोग आहे तो याच तिसऱ्या धोक्यावर.

फेरफार नोंदवही आणि ब्लॉकचेन

ब्लॉकचेनची कल्पना महसुली कामकाज जाणणाऱ्यास परकी वाटू नये. महाराष्ट्रात गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा प्रत्येक बदलाला तिच्यात अनुक्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सात-बाऱ्यावर फेरफार क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे आजच्या नोंदीवरून मागच्या नोंदीकडे, तिथून त्याच्याही मागे जाता येते. जुने जाणकार जमीन घेण्यापूर्वी ‘फेरफार काढून बघा’ असे सांगतात ते यासाठीच.

ब्लॉकचेन ही याच धर्तीची नोंदवही आहे, फक्त तिची पाने गणिताने शिवलेली असतात. ही शिवण ‘हॅश’ नावाच्या डिजिटल ठशाने घातली जाते. कोणतीही फाइल, मग ती एका ओळीची असो वा हजार पानांची, एका ठरावीक सूत्रातून काढली की ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. सर्वत्र वापरात असलेल्या ‘एसएचए-२५६’ या सूत्राने मिळणारा ठसा ६४ चिन्हांचा असतो. मूळ फाइलमधील एक स्वल्पविराम जरी बदलला तरी संपूर्ण ठसा बदलतो. ठशावरून मूळ मजकूर उलगडता येत नाही, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाइल तयार करणे आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य आहे.

समजा, फेरफार क्रमांक ४१२ चा ठसा काढला आणि तो ४१३ च्या मजकुरात लिहिला. मग ४१३ चा ठसा काढून तो ४१४ मध्ये लिहिला. आता कोणी ४१२ मधील क्षेत्र दोन एकरांचे तीन एकर केले, तर ४१२ चा ठसा बदलेल आणि ४१३ मध्ये लिहिलेल्या ठशाशी तो जुळणार नाही. तो जुळवून घ्यायचा तर ४१३ बदलावा लागेल, त्यासाठी ४१४ बदलावा लागेल, आणि असे अखेरच्या नोंदीपर्यंत करावे लागेल. ही साखळी एकाच कार्यालयाच्या संगणकावर असेल तर चिकाटीचा लबाड तेही करील. म्हणून साखळीची प्रत अनेक स्वतंत्र संस्थांकडे ठेवतात. भूमी अभिलेख विभाग, जिल्हा प्रशासन, बँक आणि एनआयसी या प्रत्येकाकडे तीच साखळी असेल, तर एकाने गुपचूप केलेला बदल उरलेल्यांच्या प्रतीशी विसंगत ठरून लगेच उघडा पडतो.

ब्लॉकचेनला कुलूप म्हणण्यापेक्षा लाखेची मोहोर म्हणणे अधिक योग्य ठरेल. मोहोर पाकीट उघडण्यापासून कोणालाही रोखत नाही. पाकीट उघडले गेले, हे मात्र ती लपू देत नाही.

ठसा कोठे ठेवावा?

येथे एक व्यावहारिक शंका निर्माण होते. जिल्ह्यातील लाखो उतारे ब्लॉकचेनवर कसे ठेवणार? तसे ठेवण्याची गरज नाही आणि ते इष्टही नाही. मूळ नोंदी क्लाउडमध्येच राहतात. साखळीवर जातो तो केवळ ठसा. शिवाय प्रत्येक नोंदीचा ठसा वेगळा पाठवावा लागत नाही. दोन ठसे एकत्र करून त्यांचा एक ठसा काढायचा, अशा दोन जोड्यांचा पुन्हा एक, असे करीत गेले की शेवटी संपूर्ण संचाचा एकच ठसा उरतो. ही पद्धत राल्फ मर्कल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. तिचा लाभ असा की सात लाख नोंदींच्या संचातील एखादी नोंद अस्सल आहे, हे केवळ वीस ठशांच्या आधारे पडताळता येते.

ठसा नोंद ठेवणाऱ्याच्या हाताबाहेर ठेवणे हे या पद्धतीचे मर्म आहे. ब्लॉकचेन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये, स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या संशोधकांनी कागदपत्रांवर डिजिटल कालमुद्रा उमटविण्याची रीत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याला सर्व ठशांचा एक एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली. वृत्तपत्राच्या हजारो प्रती घरोघरी गेल्यावर तो ठसा बदलणे कोणाच्याही हाती उरत नाही, स्वतः कंपनीच्याही नाही.

एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशाने २००७ मधील सायबर हल्ल्यांनंतर याच विचाराचा अवलंब केला आणि २०१२ पासून आपल्या शासकीय नोंदवह्यांचे ठसे जपणारी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणली. जॉर्जिया देशाच्या सार्वजनिक नोंदणी संस्थेने २०१६ पासून जमीन-मालकीच्या नोंदींचे ठसे सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदविण्याचे काम सुरू केले. दोन्ही ठिकाणी मूळ माहिती शासकीय प्रणालीतच राहिली. पुरावा तेवढा बाहेर गेला.

मुरमुंदासारख्या प्रकरणात काय घडले असते?

या तंत्रज्ञानाची खरी कसोटी येथे लागते. भिलाई परिसरातील प्रकरणात वृत्तांनुसार वापरला गेला तो अधिकृत आयडी. म्हणजे प्रणालीच्या दृष्टीने किल्ली खरी होती, ती फिरविणारा हात चुकीचा होता. अशा वेळी केवळ ब्लॉकचेन असती तर तिनेही ती नोंद निमूटपणे स्वीकारली असती. खोटी नोंद साखळीवर गेली म्हणून खरी होत नाही. ती कायमची नोंदलेली खोटी नोंद एवढेच होते. ब्लॉकचेन असली की फसवणूक होणारच नाही, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावे, ते याचसाठी.

तरीही तीन गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या. पहिली गोष्ट, कोणत्या आयडीने, कोणत्या दिवशी व किती वाजता कोणती नोंद केली, हा माग पुसता आला नसता. आयडी देणारा, घेणारा आणि वापरणारा यांचा शोध त्या मागावरून सुरू करता आला असता आणि निर्दोष कर्मचाऱ्यालाही आपली बाजू सिद्ध करण्यास आधार मिळाला असता. दुसरी गोष्ट, बदलापूर्वीची अखेरची शुद्ध स्थिती कोणती, याविषयी वाद उरला नसता. त्यामुळे मूळ शेतकऱ्याचे नाव पूर्ववत करणे सुकर झाले असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ज मागणाऱ्याचा उतारा साखळीशी ताडून पाहणाऱ्या बँकेला त्या जमिनीचा पूर्वेतिहासच आढळला नसता. खऱ्या जमिनीमागे वारस, वाटणी, खरेदी, बोजा अशी नोंदींची वंशावळ असते. गेल्याच महिन्यात अवतरलेल्या आणि मागे काहीही नसलेल्या खात्यावर कर्ज देण्यापूर्वी कोणताही सावध शाखाधिकारी थांबला असता.

नोंद मुळातच अडवायची असेल तर ब्लॉकचेनच्या जोडीला नियम हवा. परवानगीवर चालणाऱ्या ब्लॉकचेनमध्ये दोन किंवा तीन अधिकृत स्वाक्षऱ्यांशिवाय कोणताही बदल ग्राह्य धरू नये, अशी अट घालता येते. पटवाऱ्याने प्रस्ताव टाकावा, तहसीलदाराने वेगळ्या किल्लीने मान्यता द्यावी आणि खातेदाराच्या मोबाइलवर सूचना जाऊन हरकतीची मुदत संपेपर्यंत नोंद प्रलंबित राहावी, अशी ती रचना असेल. नमुना सहाच्या जुन्या शिस्तीतही हेच होते. संगणकीकरणाच्या घाईत ती शिस्त सैल पडू नये, एवढी काळजी या रचनेने घेतली जाते.

शेजारचे प्रयोग

अशा प्रयोगांची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली येथील उपविभागीय प्रशासनाने २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर पडताळता येतील अशा रीतीने देण्याचा उपक्रम जाहीर केला. प्रमाणपत्रावरील क्यूआर संकेत तपासला की त्याचा ठसा ‘पॉलिगॉन’ या सार्वजनिक साखळीवरील ठशाशी ताडला जातो. दुर्गम आदिवासी भागातील उमेदवाराला प्रमाणपत्राच्या खरेपणासाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता.

छत्तीसगडमधीलच दंतेवाडा जिल्हा प्रशासनाने १९५० च्या दशकापासूनच्या सुमारे सात लाख जमीन-अभिलेखांचे डिजिटलीकरण करून ते ‘ॲव्हलांच’ या साखळीशी जोडण्याचे काम केले. जुने कागद वाळवी आणि दमट हवेपासून वाचले आणि त्यांच्या डिजिटल प्रतींना छेडछाड उघड करणारी मोहोरही मिळाली, असा हा दुहेरी लाभ आहे. मात्र येथेही एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या, पूर्ण झालेल्या कागदाला मोहोर लावणे सोपे असते. रोज बदलणाऱ्या चालू नोंदीला साखळीशी जोडणे अवघड असते, कारण तेथे तंत्राइतकीच कार्यपद्धतीही बदलावी लागते.

शेतमालाच्या क्षेत्रात महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. महामंडळाने ‘व्हर्ल’ या वित्त-तंत्रज्ञान कंपनीच्या साहाय्याने वखार पावत्या ब्लॉकचेनवर नोंदवून त्यांच्या तारणावर कर्ज मिळण्याची सोय केली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकही या उपक्रमात सहभागी झाली. एकाच पावतीवर दोन बँकांतून कर्ज उचलणे ही वखार तारणातील जुनी डोकेदुखी आहे. पावतीवर बोजा चढल्याची नोंद सर्वांना एकाच वेळी दिसली की ही फसवणूक कठीण होते. सोयाबीन किंवा तूर काढणीच्या वेळी भाव पडलेले असताना माल विकण्याऐवजी तो तारण ठेवून थांबता येणे, हा त्यातील शेतकऱ्याचा थेट लाभ होय.

राष्ट्रीय पातळीवर केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ या नावाने राष्ट्रीय ब्लॉकचेन संच सादर केला. त्याची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील एनआयसीच्या माहिती केंद्रांत विभागलेली आहे. शासकीय विभागांना स्वतःची साखळी नव्याने उभी न करता ती सेवा म्हणून वापरता यावी, अशी ही रचना आहे.

भिलाईपुरते बोलायचे तर या विषयातील ज्ञानकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईचा कायमचा परिसर दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे असून तो २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आला. केंद्र शासनाच्या सायबर-भौतिक प्रणाली अभियानाखाली देशात २५ तंत्रज्ञान नवोन्मेष केंद्रे स्थापन झाली. त्यांपैकी वित्त-तंत्रज्ञानाचे केंद्र आयआयटी भिलाईकडे आहे. पीककर्ज, वखार पावती, विमा आणि जमीन-नोंद हे विषय शेती आणि वित्त यांच्या सीमेवरचे असल्याने कृषी विज्ञान केंद्रे, सहकारी बँका आणि हे केंद्र यांनी एकत्र येण्यास मोठा वाव आहे.

मर्यादा

या तंत्रज्ञानाचा स्वीकार डोळसपणे व्हावा, यासाठी त्याच्या मर्यादाही मांडणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा मूळ माहितीच्या अचूकतेची. मोजणी चुकली असेल, वारस वगळला गेला असेल किंवा पीक पाहणी घरबसल्या झाली असेल, तर ब्लॉकचेन ती चूक दुरुस्त करीत नाही. शेतात जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

दुसरी मर्यादा किल्लीची. ज्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी होते ती चोरीस गेली किंवा हरवली तर गोंधळ उडतो. किल्ली रद्द करण्याची आणि नवी देण्याची पद्धत आधीच ठरलेली असली पाहिजे.

तिसरी मर्यादा गोपनीयतेची. साखळीवर गेलेले पुसता येत नाही. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. म्हणून नाव, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक साखळीवर टाकू नयेत, ठसाच टाकावा. केवळ आधार क्रमांकाचा ठसाही पुरेसा सुरक्षित नसतो, कारण बारा अंकांच्या सर्व शक्यता संगणक तपासून पाहू शकतो. ठसा काढण्यापूर्वी मूळ माहितीत यादृच्छिक अंकांची भर घालावी लागते.

चौथी मर्यादा सेवेच्या टिकाऊपणाची. ॲमेझॉन कंपनीने क्लाउडवरील नोंदवहीसाठी ‘क्वांटम लेजर डेटाबेस’ नावाची सेवा देऊ केली होती. ३१ जुलै २०२५ रोजी ती बंद झाली. जमिनीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवी. कंपनीच्या सेवेचे आयुष्य तेवढे नसते. त्यामुळे ठसे काढण्याचे सूत्र सर्वमान्य असावे आणि पडताळणी त्या कंपनीशिवायही करता यावी.

आज काय करता येईल?

मोठे प्रकल्प शासन आणि बँका उभारतील. तोवर शेतकरी बांधव, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि विस्तार कार्यकर्ते पुढील गोष्टी फारसा खर्च न करता करू शकतात.

१. प्रत्येक खरिपापूर्वी सात-बारा व आठ-अ किंवा बी-१ व पी-२ उतारा काढून दिनांकासह जपून ठेवावा. मागील वर्षाच्या प्रतीशी नाव, क्षेत्र आणि बोजा हे तीन रकाने ताडून पाहावेत. फरक दिसल्यास त्याच आठवड्यात तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

२. शेतकरी ओळख क्रमांक, बँक खाते आणि धान विक्री नोंदणी यांना जोडलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा व चालू असावा. ओटीपी कोणालाही सांगू नये, ओळखीच्या सेवा केंद्र चालकालाही नाही.

३. शेतकरी उत्पादक कंपनीत प्रत्येकाला स्वतंत्र आयडी द्यावा. एकच पासवर्ड चौघांनी वापरणे बंद करावे. सदस्याचे खाते, वजन व रक्कम यांतील बदलासाठी दोघांची मान्यता आवश्यक ठेवावी. नोकरी सोडणाऱ्याची परवानगी त्याच दिवशी काढून घ्यावी.

४. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, असा नियम पाळावा. बाहेरची प्रत इंटरनेटशी सतत जोडलेली नसावी.

५. ब्लॉकचेनशिवायही ठशाचा लाभ घेता येतो. दिवसअखेर खरेदी नोंदवहीची फाइल बंद करून तिचा ठसा काढावा आणि तो सर्व संचालक, लेखापरीक्षक आणि बँक शाखा यांना ई-मेलने पाठवावा. विंडोज प्रणालीत ठसा काढण्याची सोय अंगभूत असते. दुसऱ्या दिवशीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत कालचा ठसा लिहिला की साखळी आपोआप तयार होते. वर्षभरानंतर जुन्या वजनाविषयी वाद निर्माण झाल्यास मूळ फाइल कोणती, हे पाच मिनिटांत सिद्ध करता येईल.

६. ब्लॉकचेन सेवा विकण्यास येणाऱ्या कंपनीला चार प्रश्न विचारावेत. साखळीच्या प्रती कोणाकोणाकडे आहेत? किल्ली हरवली तर काय? सदस्यांची वैयक्तिक माहिती साखळीवर जाते का? आणि कंपनी बंद पडली तर नोंदी व पडताळणी आपल्या हाती कशी राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘फक्त आमच्याकडे’ असे आले, तर ती साखळी नावापुरतीच आहे असे समजावे.

७. आर्थिक फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

विस्तार कार्यकर्त्यांनी बियाणे प्रक्रिया किंवा माती परीक्षणाच्या प्रशिक्षणात या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवला तरी मोठे काम होईल. उतारा वाचता येणे, मागील वर्षाशी ताडता येणे आणि पासवर्ड जपणे ही आता शेतीच्या साक्षरतेचीच अंगे आहेत.

जमीन-नोंदीवरील विश्वास पूर्वी गावाच्या साक्षीवर उभा होता. चावडीवर नोटीस लागे, चारचौघांत वाचली जाई आणि चूक असेल तर कोणीतरी उठून सांगे. नोंदी क्लाउडमध्ये गेल्या तेव्हा ही साक्ष मागे राहिली. अनेक स्वतंत्र संस्थांच्या हाती एकच नोंदवही देऊन ती साक्ष काही अंशी परत आणणे, हे ब्लॉकचेनचे काम आहे. उरलेली साक्ष मात्र दरवर्षी आपला उतारा स्वतः वाचणाऱ्या शेतकऱ्यालाच द्यावी लागेल.